कृष्णा नदीत टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकताना मगर समोर आली तर काय करावं?

पहिलं म्हणजे जाळ्याचा मोह सोडा. सांगलीजवळच्या भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेतच, आणि जाळ्यात तडफडणारा मासा त्यांना जवळ ओढतो. बहुतेकदा तिला तुम्ही नाही, तो मासा हवा असतो.

पाण्यावर नुसते डोळे आणि नाकपुड्या दिसत असतील तर तिच्याकडे बघत, पाणी न खळबळवता काठाकडे सरका. खरी भीती ती बुडी मारते तेव्हाची. ट्यूबवरून पाय खाली सोडून बसायची आपल्याकडं सवय आहे, ते आधी वर घ्या आणि फळीनं वल्हवा. ओरडून, हातपाय मारून काही साधत नाही.

धरलंच तर जबडा उघडायच्या नादी लागू नका, तो उघडत नाही. डोळ्यांत बोटं घाला, डोळ्यांवरच मारत राहा. काठावरच्यांनी काठी-दगड घ्यावेत, पाण्यात उतरू नये.

संध्याकाळनंतर नदीत जाऊ नका. मासे काठावर बसून साफ करणं तर बंदच करा. फेब्रुवारी ते जून अंडी-पिल्लांचा काळ, तेव्हा मादी जास्त चिडकी असते. मगर दिसली की वनविभागाला १९२६ वर कळवा.