वाचनाच्या तासाचं टाचण कसं काढायचं?

तुम्ही विचारलंय: 'डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षण पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सोलापुरातल्या एका शाळेत सराव पाठ सुरू होतायत, दुसरीला मराठी घ्यायचंय. टाचणाचे, म्हणजे पाठाच्या आराखड्याचे, सगळे रकाने भरते, तरी पाठ पंधरा मिनिटांत संपतो. काय चुकतंय?'

पाठ लवकर संपतो, कारण तुम्ही काय करणार ते टाचणात लिहिलंय, पोरं कुठं अडणार ते नाही. माझंही वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, फलक लेखन, स्वाध्याय हा साचा हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पंचपदीच्या, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांच्या, वळणाचा. हर्बार्ट १८४१ साली वारला, पण टाचणवहीत अजून ठणठणीत आहे. माहिती सांगायची असेल तर साचा बरा. जोडाक्षराशी झटणाऱ्या पोराला मात्र त्यात कुठंच जागा नाही.

मी सोलापूरच्याच पूर्व भागात शिकवतो. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, दोघा-तिघांच्या दखनी. एकदा कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट घेतली आणि शेवटी चित्र काढायला सांगितलं. एका मुलीनं कोंबडी झकास काढली. तिच्यामागं शेपटी ताठ केलेलं, मिशावालं मांजर! मी म्हटलं, 'अगं, पिल्लू कुठाय?' तिनं मांजरावर बोट ठेवलं. तेलुगूत 'पिल्ली' म्हणजे मांजर. बिचारी तासभर कोंबडीच्या मांजराची गोष्ट ऐकत बसली होती, आणि वाचून तर तिनं न अडखळता दाखवलं होतं. तेवढ्यात मागून एकजण ओरडला, 'सर, कोडिपिल्ला!' कोडी म्हणजे कोंबडी, कोडिपिल्ला म्हणजे तिचं पिल्लू. मला हवा तो शब्द पोरांच्या घरातच होता, मीच विचारला नव्हता.

तेव्हापासून टाचणाच्या डोक्यावर 'अडणारे शब्द' असं लिहून तीन-चार शब्द काढतो आणि शेजारी त्यांचे घरचे शब्द. ते आदल्या दिवशी पोरांना विचारायचे, नाहीतर आहार शिजवणाऱ्या मावशींना. आमच्या मावशींना तिन्ही भाषा येतात. त्यांच्याइतका उपयोग मला कुठल्या प्रशिक्षणाचा झालेला नाही, हे आपलं माझं मत.

मग तास भरतो कसा? पहिली दहा मिनिटं गोष्ट तुम्ही वाचायची, बोट ओळीखालून फिरवत, एक-दोनदा थांबून 'आता काय होईल?' विचारत. अडणारे शब्द इथंच बोलून घ्यायचे. मग जोडीनं वाचन, एक नीट वाचणारं आणि एक अडखळणारं. ते चालू असताना तुम्ही फळ्यापाशी थांबायचं नाही, खाली बसून चार-पाच जणांचंच ऐकायचं. कोण 'प्र'ला 'पर' म्हणतंय, कोण पहिलं अक्षर बघून बाकीचं ठोकून देतंय, ते वहीत टिपायचं. उद्याचं टाचण त्यातूनच निघतं. शेवटी दोन ओळी लिहिणं किंवा चित्र, आणि चित्राबद्दल बोलणं.

एका सुरात ओढून वाचून घेणं शक्यतो टाळा. ऐकायला गोड लागतं, पण त्यात पाठांतर लपतं. शंका आली तर खालून तिसरी ओळ वाचायला सांगा, लगेच कळतं.

प्रश्न आधी लिहून न्या, ऐनवेळी 'काय कळलं?' एवढंच तोंडात येतं. एक प्रश्न गोष्टीत उत्तर सापडणारा, एक 'का?'चा, एक पोराच्या घरचा. 'पिल्लू कुठं लपलं?' हे झटकन येतं. 'आई का ओरडली नाही?' इथं वर्ग गप्प होतो. होऊ द्या, पाचपर्यंत मोजा, स्वतः उत्तर देऊन टाकू नका. २०२१ साली आलेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेतही तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं म्हटलंय. सगळे ६०च धरून बसतात, 'अर्थ समजून' राहून जातं.

राहिला निरीक्षकांचा प्रश्न. त्यांना रकाने लागतात, तर ते भरा, गुण तिथंच आहेत. अडणारे शब्द समासात पेन्सिलीनं लिहा. एका सराव पाठाला आलेल्या मॅडमनी आमच्या छात्राध्यापिकेला 'हे काय खरडलंय?' म्हणून विचारलं. तिनं कोडिपिल्ला सांगितलं, तर मॅडम पुढचा अर्धा तास पोरांना तेलुगू शब्दच विचारत बसल्या.