शेगडी आपोआप टकटक करते, काय करावं?

प्रश्न : आमची काचेची, तीन बर्नरची ऑटोमॅटिक शेगडी आहे. पोळ्याच्या सणाला तिच्यावर दूध उतू गेलं. तेव्हापासून कोणी हात लावला नाही तरी टकटक सुरू होते. रात्री तर जीव घाबरतो. मधल्या बर्नरला ठिणगीच येत नाही, तो लायटरनं लावते. गावात आलेला मेकॅनिक म्हणतो, आतली डबीच बदला. बदलू का? आणि गॅस तर गळत नसेल ना?
— एक वाचक भगिनी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी गॅसचं. ठिणगी सेलच्या विजेनं पडते, गॅस बटणाखालच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून येतो. दोन्हींचा रस्ता वेगळा. त्यामुळे नुसती टकटक म्हणजे गळती नव्हे. पण वास येत असेल आणि वर टकटकही चालू असेल, तर शेगडीशी झटू नका. हाताशी असेल तर रेग्युलेटर बंद करा, दार सताड उघडा, लाइटचं बटण दाबू नका, सगळ्यांना घेऊन अंगणात या आणि तिथून १९०६ वर फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडून भागत नाही.

वास नसेल तर शेगडीचा सेल काढून ठेवा. टकटक जागच्या जागी थांबेल. तोवर लायटर आहेच.

आता डबी, म्हणजे सेलच्या विजेतून ठिणगी तयार करणारा भाग. हिंगणघाटच्या बाजारात मी शेगड्या दुरुस्त करतो, आणि डबी बदलूनही तीच टकटक घेऊन परत येणारे लोक मला नवे नाहीत. प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्विच असतो. बटण दाबून फिरवलं की तो लागतो, डबीला सेलची वीज मिळते आणि ती सगळ्या बर्नरच्या पिनांवर एकदमच ठिणगी सोडते. तुमचं दूध बटणाच्या दांडीवरून खाली उतरलं आणि स्विचवर वाळलं. पावसाळ्यात रात्री हवा दमट झाली की तो थर ओल धरतो, आणि स्विचला वाटतं बटण दाबलंय. बिचारी डबी हुकूम पाळते.

रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, मग बटणं सरळ वर ओढून काढा. दांडीभोवतीचा दुधाचा थर आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसा आणि दिवसभर पंख्याखाली राहू द्या. पाणी ओतू नका, तेल सोडू नका. कॉक तर खोलूच नका. ते काम मेकॅनिकचं. एवढं करूनही टकटक राहिली तर स्विच बदलायला सांगा. तो डबीपेक्षा स्वस्त पडतो.

मधल्या बर्नरची परीक्षा स्विच सुकल्यावर करा. रेग्युलेटर बंदच ठेवून सेल घाला, खोलीत अंधार करा आणि मधलं बटण फिरवा. बाजूच्या दोन्ही पिनांवर ठिणगी पडली आणि मधलीवर नाही, तर दोष बहुतेक मधल्या पिनेत नाहीतर तिच्या वायरीत. बाजूचं बटण फिरवल्यावर तिन्हीकडे पडते आणि मधल्या बटणानं कुठेच नाही, तर मधला स्विच गेला. कुठल्याच बटणानं काही नाही, तेव्हा नवा सेल घाला, सेलच्या पट्टीवरचा हिरवट-पांढरा गंज खरडा, आणि तरीही नाहीच तर मग डबीचा विचार करा.

पिनेची पांढरी नळी तडकली असेल तर ठिणगी बर्नरऐवजी तिथूनच पत्र्यावर उडते; अंधारात ते लगेच दिसतं. पिनेचं टोक आणि बर्नर यांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट हवी. टोकावर काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा.

आणि वायर उंदरानं कुरतडली नाही ना, तेही पाहा. आपल्याकडे भावाची वाट पाहत कापूस घरात पडून असतो, शेजारी तुरीची पोती. उंदरं शेगडीखाली संसार मांडतात. कुरतडलेल्या वायरीला टेप गुंडाळून चालत नाही, कारण तिच्यातून काही हजार व्होल्ट जातात आणि टेप उष्णतेनं वितळते. अख्खी वायरच बदला. कापूस मात्र स्वयंपाकखोलीत भरू नका, ही माझी विनंती आहे.

प्रश्न : बर्नर पेटतो, पण बटण सोडलं की विझतो. शेगडी नवीच आहे.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : बर्नरला ठिणगीच्या पिनेशिवाय आणखी एक धातूची काडी दिसते का? असेल तर ती जाळ विझल्यावर गॅस तोडणारी सोय आहे. काडी तापेपर्यंत बटण दाबून ठेवावं लागतं, साधारण दहा सेकंद. तरी विझत असेल तर काडीचं टोक पुसा आणि ते जाळात येतं का ते बघा. ती सोय काढून टाकून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. शेगडी वॉरंटीत आहे, कंपनीकडून करून घ्या.