बेस गिटारचा रंग काढून लाकूड दिसेल असं पॉलिश घरी करता येईल का?

येईल. पण रंगाला हात लावण्याआधी तारा सैल करा, नेकचे (तारा ज्यावरून जातात त्या लांब दांड्याचे) स्क्रू काढा आणि नेक बसते त्या खाचेत बघा. तिथे बरेचदा रंग नसतो किंवा पुसट असतो. बॉडीचं लाकूड कोणतं ते तिथेच कळतं आणि पॉलिश करायचं की रंग, हे त्यावरूनच ठरवायचं.

मी ते बघितलं नव्हतं. नौपाड्यातल्या आमच्या बाल्कनीत माझा स्वस्तातला काळा बेस घेऊन बसलो. कारखान्यातला पॉलिएस्टरचा थर थिनरला अजिबात दाद देत नाही. हीट गनने तापवून पुट्टीच्या पत्र्याने उचलला की पापुद्रे निघतात, मात्र गन एका जागी रेंगाळली की लाकूड करपतं. यात दोन रविवार गेले (त्या दिवशी कपडे वाळत घालता आले नाहीत, हे आई अजून ऐकवते). खाली निघालं काय, तर बासवुडचे चार तुकडे चिकटवलेले आणि मधून हिरवट रेघा. अक्रोडी स्टेन मारला, तर एका ठिकाणी काळाकुट्ट, शेजारीच फिका. खालच्या मजल्यावरचे सुतारकाका बघून म्हणाले, "हे लाकूड पॉलिशचं नाही, रंगाचं आहे."

बरोबरच होतं त्यांचं. फेंडर या गिटार कंपनीनेही 1956 च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी आल्डर हे फारशा ठळक रेषा नसलेलं लाकूड वापरायला सुरुवात केली. लाकडाच्या रेषा दिसू देणाऱ्या ब्लाँड (फिकट, अर्धपारदर्शक) फिनिशसाठी मात्र ठळक रेषांचं अ‍ॅशच ठेवलं. तुमच्या खाचेत अ‍ॅश किंवा महोगनी दिसली तर खुशाल पॉलिश करा. नाहीतर सरळ रंग द्या.

मी शेवटी 80, 120, 240 असा काचपेपर रेषांच्या दिशेने मारला (मास्क लावूनच), मग सीलरचे तीन हात, मध्ये 320, त्यावर प्रायमर आणि गाडीच्या टचअपचा स्प्रे. हात पातळ द्या, जाड दिलात की ओघळलाच. नेकच्या खाचेला आधीच मास्किंग टेप लावा; आत रंग बसला तर नेक नीट बसत नाही. वॉटर पेपर मारताना स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगून कडेचा रंग तडकतो.

जून ते सप्टेंबर मात्र याच्या नादी लागू नका. ठाण्याच्या दमट हवेत लॅकर सुकताना ओल धरतं आणि दुधाळ होतं. दिवाळीनंतर करा. शेवटचा हात दिल्यावर नाक लावून बघा. थिनरचा वास येतोय तोवर तो सुकलेला नाही, मग हाताला कितीही कोरडा लागो. मी तीन आठवडे थांबलो.

आणि ब्रिजखालून (बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीखालून) येणारी अर्थची वायर रंगाखाली गाडू नका. ब्रिजला ती उघडी टेकली नाही, तर अ‍ॅम्प चालू केल्याबरोबर गुणगुण सुरू होईल आणि तुम्ही पिकअपला दोष देत बसाल.