नव्या लॅपटॉपवर ॲपइमेज बांधू नकोस

भाऊ, ॲपइमेज (लिनक्सचा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, एकाच फाइलमध्ये) बांधायला घेतलीस हे छान, पण तुझ्या नव्या लॅपटॉपवर बांधू नकोस. मी तेच केलं होतं. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी वजनाच्या पावत्यांचा प्रोग्राम उबुंटू लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर बांधला आणि पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. त्यांच्याकडे जुनी २०.०४. बाहेर मालाने भरलेल्या गाड्या उभ्या, आणि स्क्रीनवर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी; २०.०४ मध्ये ती २.३१ असते.

जीलिबसी आपण सोबत देत नाही, समोरच्या मशिनचीच वापरली जाते. जुनीवर बांधलेलं नवीवर चालतं, उलटं नाही. म्हणून ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचंय, तीच कंटेनरमध्ये (आपल्याच मशिनवर वेगळ्या कप्प्यात चालणारी दुसरी सिस्टिम) घेऊन तिथे बांध. ग्राफिक्सची लिबजीएलही सोबत घालू नकोस, ती त्या मशिनच्या ड्रायव्हरशी जुळलेली असते.

बाकीच्या लायब्रऱ्या लिनक्सडिप्लॉय हे टूल गोळा करतं. पण प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या एलडीडी कमांडच्या नुसत्या यादीवर विसंबू नकोस. प्रोग्राम सुरू झाल्यावर उघडणारी प्लगइन्स तिच्यात दिसतच नाहीत. खिडक्या-बटणं बनवणाऱ्या क्यूटी लायब्ररीचं एक्ससीबी प्लगइन राहिलं, तर एक्स११ वर (लिनक्सची स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) खिडकीच उघडत नाही.

शेवटी कोऱ्या मशिनवर चालवून बघ. जळगावला आलास तर माझा जुना डेस्कटॉप वापर, त्यावर मी मुद्दाम काहीच टाकलेलं नाही.