मराठवाड्यातल्या समुपदेशन संस्थेची वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल आणि आपुलकीची वाटेल अशी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की संस्था मोफत समुपदेशन करते, लहान मुलांना वाचाउपचार (स्पीच थेरपी) देते आणि जुनी साइट रुक्ष वाटते म्हणून नवी करायची आहे. रंग कोणते, फोटो कसे आणि सुलभतेचं तयार विजेट (दिव्यांगांसाठी साइटवर वरून बसवायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्यावं का, असे तुमचे तीन प्रश्न. विजेट घेऊ नका. रंगांकडे नंतर येतो. आधी तुमच्या साइटवर फोन नंबर कुठे आहे ते बघा.

माझे थोरले भाऊ औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना आबा म्हणतो. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि घरात फार वाईट दिवस आले. जेवायला उठायचे नाहीत, शाळेतले सोबती भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एका रात्री त्यांनी कुणाला न सांगता एका समुपदेशन संस्थेची साइट उघडली. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, तोवर त्यांना बऱ्यापैकी जमू लागला होता.

पान उघडलं आणि बासरी वाजू लागली. येणाऱ्याचं मन शांत व्हावं म्हणून कुणीतरी ती घातली होती. त्या बासरीत टॉकबॅकचा आवाज बुडाला, आणि ती बंद कुठे करायची ते कळेना. मग देणगीची खिडकी पुढे आली. ती बंद करायच्या फुलीला कोडमध्ये नाव दिलेलं नव्हतं, त्यामुळे फोन नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहिला. ती कशीबशी गेली, तर खाली दीपप्रज्वलनाचे फोटो आपोआप सरकत होते. एका फोटोवर बोट जाईपर्यंत दुसरा यायचा, आणि ऐकू काय यायचं, तर फाइलीचं नाव आणि आकडे. हेल्पलाइनचा नंबर त्याच पानावर होता, पण उगवत्या सूर्याच्या चित्रात, चित्राचाच भाग म्हणून काढलेला. आबांच्या दृष्टीने तो तिथे नव्हताच. त्यांनी फोन उशाला ठेवला आणि सकाळी वहिनींना म्हणाले, "आपल्यासाठी नाही ते."

वहिनींनी मला फोन केला, मी नंबर शोधून दिला, आबांनी स्वतः लावला. पलीकडे एक ताई होत्या. म्हणाल्या, "बोला सर, सावकाश बोला. आपल्याला काही गडबड नाही." आबा त्या दिवशी खूप वेळ बोलले, पुढेही बोलत राहिले. आज ते शाळेत आहेत. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी नोकरीतून काढता येत नाही, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 त्यांना त्या ताईंनीच सांगितलं. एवढा ओलावा त्या संस्थेत होता, आणि साइटवर त्याचा थेंबही नव्हता. मला अजून टोचतं ते हे.

मी वेबसाइटच बनवतो, तेव्हा त्यांची साइट फुकट करून देतो म्हणालो. विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "अंध माणूस वेबसाइट कशाला उघडेल? आणि आपल्याकडे येणाऱ्या लोकांना वेबसाइट लागतेच कुठे?" मी आबांचं सांगितलं. ते म्हणाले, एका माणसासाठी सगळं बदलता येत नाही. बासरी राहिली, दीपप्रज्वलन राहिलं, आणि कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं वर्षाच्या भाड्याचं विजेट आलं. हे विजेट अक्षरं मोठी करतं, रंग गडद करतं. ते तर फोनच करतो. चित्रात अडकलेला नंबर ते भरवशाने बाहेर काढू शकत नाही, निनावी बटणाला नीट नाव देऊ शकत नाही. 2025 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, असं विजेट विकणाऱ्या एका कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले. आपलं विजेट लावलं की कुठलीही साइट नियमांत बसते हा तिचा दावा दिशाभूल करणारा आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. तुमच्या विश्वस्तांना हे जरूर सांगा. आपोआप वाजणारा आवाज 3 सेकंदांहून जास्त चालला तर तो थांबवायची सोय हवी, आणि आपोआप सरकणारी गोष्ट 5 सेकंदांहून जास्त चालली तर तिलाही, हे डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2008 पासून लिहिलेलं आहे.

आता आपुलकीचं. फोन लावण्याआधी माणसाला भीती असते ती पुढे काय होणार याची. तेच लिहा. फोन कोण उचलेल, नाव सांगावं लागेल का, पैसे पडतील का, घरी कळेल का, पहिल्या वेळी काय विचारतील. साध्या बोलीत, त्या ताई बोलल्या तसं. ही माहिती पहिल्या पानावर, नंबराच्या लगेच खाली. नंबर मजकूर म्हणून लिहा, बोट ठेवताच कॉल लागेल असा. तुमची वेळ संपल्यावर कुणी आलं तर टेलिमानसचा 14416 द्या. मानसिक आरोग्याची ती सरकारी फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. आपल्याकडे एक मोबाइल चार जणांत फिरतो, म्हणून पटकन पान बदलणारं 'बाहेर पडा' बटण ठेवा. मात्र त्याने साइट उघडल्याची फोनमधली नोंद पुसली जात नाही, हेही शेजारी लिहा.

उपचार घेणाऱ्यांचे रडवेले फोटो लावू नका. अध्यक्षांना तेही हवे होते, देणगीदार हलतात म्हणून. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 24 प्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि गोपनीयतेचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. लातूर, बीडसारख्या गावांत एक चेहरा दिसला की माणूस ओळखू येतो. त्याऐवजी तुमचं दार दाखवा, पायऱ्या की उतार ते दाखवा, मूल बसतं ती खोली दाखवा, बसस्टँडवरून कसं यायचं ते लिहा.

रंग तुम्हाला आवडतील ते घ्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 एवढा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा. पांढऱ्यावर केशरी किंवा फिकट राखाडी त्यात बसत नाही. देवनागरीला दोन ओळींत जागा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट चालेल. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. साइटच्या तयार साच्यात (थीममध्ये) बहुतेक वेळा इंग्रजीच असते, मग वाचक-सॉफ्टवेअर मराठीवर अडखळतं. पान हलकं ठेवा. ऊसतोडीला गेलेली आई फडावरून मुलाच्या वाचाउपचाराची तारीख बघत असेल तर रेंज जेमतेमच असते.

दोन गोष्टी राहिल्या. मी फोन फोन करतोय, पण बहिऱ्या माणसाला आणि अडखळत बोलणाऱ्या मुलाला फोन हाच अडसर असतो. तुमच्याकडे वाचाउपचार आहे, तेव्हा व्हॉट्सॲप आणि एसएमएस हवेतच. आणि देणगीदारांबद्दल अध्यक्ष अगदीच चुकीचे नव्हते, संस्था पैशावरच चालते. देणगीदारांना वेगळं पान द्या: 80जी (देणगीवरची करसवलत), नोंदणी, वार्षिक अहवाल, दीपप्रज्वलनसुद्धा. फक्त देणगीची खिडकी मदत मागायला आलेल्याच्या आडवी येऊ देऊ नका.

साइट सुरू करण्याआधी रोज टॉकबॅक वापरणाऱ्या दोन-तीन माणसांकडून तपासून घ्या, आणि विश्वस्तांना शेजारी बसवा. हे काम कुणी समाजसेवा म्हणून फुकट करावं असं नाही, डिझायनरच्या बिलासोबत त्यांचं मानधनही आधीच धरा.