पहिलीच्या वर्गात टॅब: मुलं आपलं आपण कधी वापरतील?

ताई, पहिलीत चाळीस मुलं, मोजकेच टॅब आणि तासभर नुसतं 'बाई, हे उघडत नाही' हे तुमचं वर्णन वाचलं. मुंबईतल्या मराठी शाळांत मी हे वर्षानुवर्षं पाहत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, मुलाच्या हातातला टॅब आपण घ्यायचा नाही. आपण पटकन उघडून दिलं की त्याचं काम होतं, पण उद्या ते पुन्हा आपल्याकडेच येतं. हात पाठीमागे ठेवून शेजारी बसा आणि विचारा, 'आत्ता काय दिसतंय? आधी काय दाबलंस?' सुरुवातीला वेळ जातो, तो जाऊ द्या. मदत करणाऱ्या मित्रालाही हाच नियम: तोंडाने सांगायचं, बोट लावायचं नाही.

पहिले काही दिवस धडा नकोच. चालू करणं, आवाज कमी-जास्त करणं, मागे येणं आणि टॅब जागेवर ठेवणं, एवढंच. यातलं 'मागे येणं' फार मोलाचं. चुकलो तरी परतता येतं हे कळलं की मुलं घाबरत नाहीत, रडत नाहीत.

पहिलीच्या मुलाला स्क्रीनवरच्या सूचना वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट छापून, दाबायच्या जागी लाल गोल करून, ती पट्टी बाकावर चिकटवा. मूल विचारायला आलं की आधी पट्टीकडे बोट दाखवा.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन करताना मुलं टॅब पानाला टेकवतातच. पुस्तक बाकावर सपाट ठेवायला सांगा. मग टॅब कोडाच्या अगदी जवळून सावकाश वर न्यायचा, पूर्ण चौकोन दिसला की थांबायचं. पानावर ट्यूबलाइट चमकत असेल तर पुस्तक थोडं फिरवायचं. हे मुलं पटकन शिकतात आणि जमलं की कोण आनंद होतो त्यांना!

पावसाळ्यात ओल्या बोटांनी स्क्रीन नीट चालत नाही, भलतंच काहीतरी उघडतं. टॅबजवळ कोरडा रुमाल हवाच.

लॉगिन, परवानग्या, अपडेट ही कामं मोठ्यांची, मुलं येण्याआधी उरका. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' शोधून चालू करा (कुलपाचा पिन नव्हे). मग नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून एकच ॲप स्क्रीनवर पक्कं करता येतं. आयपॅड असेल तर त्याच कामासाठी 'गाइडेड ॲक्सेस' ही सोय वापरा. जाहिरातींची ॲप्स मात्र या वयाला देऊच नका. जाहिरात बंद करायची बारीक फुली या बोटांना सापडत नाही आणि मूल भलतीकडे पोचतं.

मोठ्याने वाचलेलं ऐकून चुका दाखवणारी ॲप्स छान आहेत, पण भरल्या वर्गात ती शेजारच्याचाच आवाज पकडतात. त्यासाठी दोन-दोन मुलांना व्हरांड्यात बसवा, दारातून दिसतील अशी.