कर्क्युमिनचं इंजेक्टेबल जेल: फ्रिजमध्ये कण बसतात, ३७ अंशांवर दिवसभरात विरघळतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी १८% पोलोक्झामर ४०७ (थंडीत पातळ राहणारा, उबेत जेल होणारा पॉलिमर) च्या थंड द्रावणात इथेनॉलमधलं कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) थेंबथेंब सोडलंत. हे जेल सांध्यात टोचायचं आहे. दोन दिवसांत फ्रिजमध्ये तळाशी पिवळे कण बसले आणि पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं फॉस्फेट क्षारांचं द्रावण) जेल दुसऱ्या दिवशी उरलंच नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली दुरुस्त होते, दुसरा पोलोक्झामरचा स्वभावच आहे.

आधी कण. इथेनॉल पाण्यात पसरलं की कर्क्युमिनला धरून ठेवणारं काही राहत नाही. मायसेल (अशा रेणूंचे औषध पोटात घेणारे सूक्ष्म गोळे) धरतील म्हणावं, तर पोलोक्झामर ४०७ चे मायसेल तापमानावर अवलंबून असतात आणि ४ अंशांवर ते बहुतांशी मोडून सुटे रेणू होतात. म्हणजे जेल ओतता यावं म्हणून तुम्ही फ्रिज वापरता आणि तोच फ्रिज औषध बाहेर काढतो. जास्त ढवळून किंवा सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) हे सुटत नाही.

उपाय म्हणजे औषध आधी थंडीत न मोडणाऱ्या मायसेलमध्ये बसवायचं आणि मग ते जेलमध्ये घ्यायचं. २० ग्रॅमच्या बॅचसाठी २० मिग्रॅ कर्क्युमिन आणि ४०० मिग्रॅ कोलिफॉर एचएस १५ (असे मायसेल बनवणारा पदार्थ) हे १० मिली इथेनॉलमध्ये विरघळवा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांवर पातळ थर बनवा आणि रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा. उरलेलं इथेनॉल जेलिंगचं तापमान (ज्यावर द्रावण घट्ट होतं ते) बदलतं आणि जेल सैल करतं. मग ४५–५० अंशांचा १० मिली सायट्रेट बफर (१० मिलिमोलर, पीएच ५.५–६) घालून थर उतरवा आणि ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. फिल्टर पिवळा झाला तर तेवढं औषध आत गेलंच नाही. गाळलेल्या द्रावणातलं प्रमाण मोजा, वजन केलेल्या पुडीवर विसंबू नका.

हे द्रावण बर्फात थंड करून त्यावर ३.६ ग्रॅम पोलोक्झामर ४०७ भुरभुरा, थंड बफरने २० ग्रॅम पूर्ण करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये सोडा. जोरात ढवळलंत तर फेस आणि गुठळ्या होतात. पीबीएसमध्ये बनवू नका: पीएच ७.४ ला मोकळं कर्क्युमिन ३७ अंशांवर अर्ध्या तासात बहुतेक नष्ट होतं, शिवाय क्षारांमुळे जेलिंगचं तापमान खाली येतं.

जेलिंगचं तापमान परीक्षानळी एकेक अंशाने तापवून, तिरकी करून बघा. ३० ते ३३ अंश हवं. कमी निघालं तर पोलोक्झामर १८८ दोन-तीन टक्के घाला, जास्त निघालं तर ४०७ अर्ध्या टक्क्याने वाढवा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या लॅबमध्ये मात्र खोलीच ४० ला असते, तिथे सिरिंज बर्फातच हवी. सुई २३–२५ गेजची घ्या आणि टोचल्यावर थांबू नका. सुई अंगात गरम झाली की आतलं जेल घट्ट होऊन ती तुंबते.

आता दिवसभरात विरघळण्याबद्दल. पोलोक्झामरच्या जेलमध्ये रासायनिक जोड नसतात. मायसेल नुसते दाटीवाटीने रचलेले असतात. बाहेरचं पाणी शिरलं की पृष्ठभागावरून थर सुटत जातात आणि औषधही त्याच वेगाने जातं. हे तपासायला डायलिसिसची पिशवी नको. सपाट तळाच्या कुपीत १ ग्रॅम जेल ३७ अंशांवर जमवा, वर तेवढ्याच तापमानाचा २ मिली पीबीएस (०.५% ट्वीन ८० आणि थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल घालून) सोडा. ठराविक वेळेला सगळा द्रव काढा, कुपी तोला, नवा द्रव घाला. किती टक्के जेल झिजलं आणि किती टक्के औषध आलं, यांचा आलेख जवळपास सरळ रेषेत आला तर खेळ झिजण्याचाच आहे.

शेवटी कुपीत उरलेलं औषधही मोजा. आलेख ३०-४० टक्क्यांवर सपाट झाला की लोक 'सस्टेन्ड रिलीज' (औषध हळूहळू सुटतंय) लिहून मोकळे होतात. पुष्कळदा बाहेर आलेलं कर्क्युमिन द्रवात नष्ट झालेलं असतं. मोजणी एचपीएलसीच्या (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सी१८ कॉलमवर, आम्लयुक्त पाणी आणि ॲसिटोनायट्राइल घेऊन, ४२५ नॅनोमीटरला करा. बाजारातल्या '९५% कर्क्युमिन'मध्ये तीन कर्क्युमिनॉइड असतात, तिन्ही पीक येतील.

हायल्युरोनिक आम्ल किंवा मिथाइलसेल्युलोज घालून थोडा वेळ वाढतो, आठवडे मिळत नाहीत. आठवडेच हवे असतील तर पॉलिमर बदला: पीएलजीए-पीईजी-पीएलजीए (हाही उबेत जेल होतो, पण शरीरात हळूहळू तुटतो), २०–२५%. तो थंड पाण्यात विरघळायला एक-दोन दिवस घेतो, ऑटोक्लेव्ह चालत नाही, आणि द्रावण साठवून ठेवलं तर साखळ्या तुटत जातात. याच पॉलिमरमध्ये यू वृक्षापासून मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल (६ मिग्रॅ/मिली) घालून 'ऑन्कोजेल' बनवलं होतं. औषध सुमारे सहा आठवडे सुटत राहायचं. तरी अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या फेज २ चाचणीत केमोरेडिएशनला (केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र) जोड देऊन फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्या प्रोटोकॉलमध्ये जेलमधून किती सुटलं एवढंच नको, आसपासच्या उतीत किती पोचलं याचीही मोजणी ठेवा.